तोडलेलं वाक्य

फवारणीच्या विषानं यवतमाळचे दवाखाने भरले होते, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. यवतमाळलगतच्या लोहाऱ्याच्या एका संस्थेनं मोबाईलवर शिकता येईल असा अभ्यासक्रम करायला घेतला. कपाशीवर फवारताना स्वतःचा जीव कसा सांभाळायचा, एवढाच त्याचा विषय. काम होतं दीपमालाकडे. ती दिग्रसची. संस्थेच्या प्रमुख आभाताईंना तिनंच सांगितलं, "आपल्याकडे फवारणारे कितीतरी जण बंजारा तांड्यावरचे आहेत. त्यांच्या घरात गोरबोली चालते. दोन्ही भाषा ठेवू."

आभाताईंनी तिची पाठ थोपटली. "तूच कर सगळं. मी आहे मागे."

दिग्रसजवळच्या तांड्यावरची रुपीबाई आवाज द्यायला सहजासहजी तयार झाली नाही. तिचा नवरा लालसिंग आदल्या वर्षी फवारणीहून आला तो चक्कर येऊनच पडला. जगला, पण तेव्हापासून त्याला समोरचं माणूस सावलीसारखं दिसायचं.

"माहं दुःख मोबाईलात टाकून कोणाचं भलं होनार हाय?" रुपीबाई म्हणाली.

"याडी, दुसऱ्या घरचा माणूस वाचंल," दीपमाला तिला तांड्यावरच्यासारखी आई म्हणत म्हणाली. "तुमच्या बोलीत कोणी सांगतलंच नाही आजवर."

शेवटी रुपीबाई आपल्या गोरबोलीत बोलली. 'लोक म्हणतात, काही होत नाही, फवारा. आमच्या घरीही तेच म्हणत होते. अन् माझ्या माणसाचे डोळे गेले.' बोलताना तिचा आवाज कुठेच फुटला नाही. दीपमालालाच मधे उठून बाहेर जावं लागलं.

मग तिनं धडे बांधले. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गोरबोली. बोलणं तुकड्यातुकड्यानं कापलं, प्रत्येक तुकड्यासमोर त्याची मराठी लिहिली, म्हणजे शिकणाऱ्याला हवं ते पुन्हा दाबून ऐकता यावं. हे करता करता तिला स्वतःला गोरबोली बऱ्यापैकी समजू लागली. तांड्यावरच्या पोरी रुपीबाईचा आवाज मोबाईलवर लावून आपल्या बापांना ऐकवत. रुपीबाई लाजायची, पण तिला ते आवडायचं.

पुढे एका बाजाराच्या दिवशी दीपमाला दिग्रसच्या बसस्टँडवर उतरली, तर समोरून भोंगा लावलेली जीप आली. भोंग्यातून रुपीबाईचा आवाज. दीपमालाला वाटलं, आभाताईंनी अभ्यासक्रमाची जाहिरात सुरू केली. ती हसलीसुद्धा. मग शब्द कानात शिरले. आधी फवारणीच्या एका औषधाचं नाव, कुण्या पुरुषाच्या आवाजात. त्यामागून रुपीबाई, गोरबोलीत: 'काही होत नाही, फवारा.' पुन्हा औषधाचं नाव. पुन्हा तेच.

दीपमाला आल्या पावली मागे फिरली आणि यवतमाळची बस धरून थेट लोहाऱ्याला गेली.

"त्या औषधाच्या कंपनीनं आपल्या कामाला पैशाचा हातभार लावलाय," आभाताई म्हणाल्या. "त्यांना गावरान आवाज हवा होता. मी दिला. ते काय कापणार, मला काय माहीत?"

"तुम्हाला माहीत होतं."

"दीपमाला, मला गोरबोली येत नाही."

"प्रत्येक तुकड्यासमोर मराठी लिहिलेली आहे, ताई. मीच लिहिली. तुकडे कोणते द्यायचे ते तुम्ही निवडलेत."

आभाताईंनी पंख्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "एवढ्याशा वाक्यासाठी सगळं बंद पाडू का? आणखी दहा भाषांत जाता येईल आपल्याला. तू पुढचा विचार कर."

मी आहे मागे, हे या बाईनं म्हटलं होतं आणि दीपमालानं ते खरं धरलं होतं. तुकडे तर तिनं स्वतःच्या हातानं कापले होते, इतके नेटके की कुणालाही उचलता यावेत.

दुसऱ्या दिवशी ती तांड्यावर गेली. रुपीबाई ओट्यावर बसली होती. तिनं बस म्हटलं नाही.

"बाया मले इचारून राह्यल्या," ती म्हणाली, "नवऱ्याचे डोळे गेले अन् तू औषध इकते काय? काहून केलं तू असं?"

"याडी, मी नाही केलं. माह्या मागे केलं."

"आवाज कोनं नेला माहा?"

"मीच."

"मंग?"

दीपमालानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"काढ माहा आवाज तिथून."

"जीपीचं वेगळं हाय, याडी. मोबाईलवरचं चांगलं हाय. लोकं शिकून राह्यले..."

"काढ म्हनलं ना."

दीपमालानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि ओट्याच्या कडेला बसून एकेक तुकडा पुसला. गोरबोलीची बाजू रिकामी होत गेली. रुपीबाईनं नातीचा मोबाईल घेतला, स्वतः बोट दाबून पाहिलं. काही वाजलं नाही.

"आता त्या जीपीतून काढ."

"ते माह्या हातात नाही, याडी."

रुपीबाई उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

तेवढ्यात फोन वाजला. आभाताई. गोरबोलीचे धडे कुठे गेले, लोक तक्रार करताहेत, हा कसला सूड? "उद्यापासून मी येणार नाही," एवढं सांगून दीपमालानं फोन ठेवला. पोलिसांकडे जाऊन सांगायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं. पण ते बंद दाराआडच्या रुपीबाईला ऐकवण्यात अर्थ नव्हता.

सगळं ऐकत असलेला लालसिंग अंगणातल्या बाजेवरून उठला. काठी टेकत तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. डांबरी लागल्यावर तो थांबला, आवाजाच्या अंदाजानं तिच्याकडे तोंड केलं.

"तक्रार कर तू. मी येतो संगं, साक्षीले," तो म्हणाला. "पन घरी येऊ नको इतक्यात. तिचं मन लय दुखलं हाय."