विषय : आईला भेटण्याबाबत

माझे सासरे गुरुराजराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि घरातही हेडक्लार्कच होते. मल्लेश्वरमच्या त्या घरात पोरांना सहलीला जायचं असलं तरी अर्ज लागे. उजवीकडे पत्ता, खाली तारीख, डावीकडे दोन बोटं समास, मग विषय. विषय एका ओळीत मावला नाही तर सहल रद्द.

अहल्या त्या घरातली. तिनं अठ्ठावन्न साली माझ्याशी, निपाणीकडच्या कोष्ट्याच्या पोराशी, रजिस्टर लग्न केलं. लेथ चालवणारा जावई त्यांच्या कुठल्याच नमुन्यात बसत नव्हता. दार बंद झालं ते झालंच.

तीनेक वर्षांनी तिचा धाकटा भाऊ बिंदुमाधव सायकल हाणत आमच्या महादेवपुऱ्याकडच्या खोलीवर आला. आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलला.

"अक्का, आई अंथरुणाला खिळलीय. तुझं नाव घेते."

"मी येते."

"तसं नाही. अण्णा म्हणाले, अर्ज कर म्हणावं. विचार करू."

"आईला भेटायला अर्ज?"

"रीतसर हवा म्हणाले. स्वल्प सांभाळून लिही."

मी म्हटलं, "स्टॅम्प कितीचा लावायचा, तेही विचारून यायचं होतं."

माझ्याकडे न बघता तो सायकलवर बसला.

"चल आत्ता," मी अहल्येला म्हणालो. "बघू कोण अडवतो."

"दारात भांडण झालं तर आत आईला ऐकू जाईल. शेवटी शेवटी तिला ते नको. चार ओळी तर लिहायच्या."

लिहिल्या. आठवड्यानं पाकीट आलं. आत तिचाच अर्ज, लाल पेन्सिलीनं रंगवलेला. समास कमी. 'अण्णा' खोडून 'महोदय'. 'आई' खोडून 'सौ. अनुसूयाबाई'. खाली शेरा : दुरुस्त करून पुन्हा सादर करावा.

ती पट्टी घेऊन पुन्हा बसली. माझं डोकं फिरलं. "म्हातारा खेळवतोय तुला."

"अहो, ते तसेच आहेत. कागद बरोबर असला की नाही म्हणत नाहीत. लहानपणी कधी म्हणाले नाहीत."

दुसरा अर्जही परत आला. 'आपली मुलगी' खोडून 'आपली विश्वासू'. तिनं तसंही लिहून दिलं.

मग मंगळवारी तिसरं पाकीट आलं. तिनं ते हातात तोललं आणि न फोडताच पिठाच्या डब्यामागे खोचलं.

"रविवारी बघते. आता लाल रेघा बघवत नाहीत."

बुधवारी ती शेजारच्या यल्लव्वाच्या नातवाच्या बारशाला गेली. तिथं पाळणा म्हणाली. चांगला म्हणाली, असं सगळ्या बायका सांगत होत्या.

आमच्यात मरणाची बातमी पाकिटात घालत नाहीत. उघडं कार्ड टाकतात, कोपरा फाडलेलं, वर श्री नसलेलं. पोस्टमनलाही लांबून कळतं. ते कुणी डब्यामागे खोचू नये म्हणूनच ती रीत. अडाणी माणसांनी पाडलेली असेल, पण माणसांनी पाडलेली. गुरुराजरावांच्या नमुन्यात कार्ड नव्हतं.

रविवारी तिनं कोरा कागद, पट्टी, पेन मांडलं आणि पाकीट फोडलं.

*विषय : सौ. अनुसूयाबाई यांच्या निधनाबाबत.*

*महोदया,*

*उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर बाई गेल्या शनिवारी निवर्तल्या. सबब आपल्या अर्जावर निर्णयाची आवश्यकता उरलेली नाही.*

*आपला विश्वासू,*
*गुरुराज*

समास बरोबर दोन बोटं होता.

अहल्या उठली. मोरीत जाऊन तिनं अंगावरच्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. ओलेत्यानंच परत येऊन बसली. केसांचं पाणी कोऱ्या कागदावर गळत होतं.

"तुमची ती लाल पेन्सिल द्या."

लोखंडावर खुणा करायची माझी पेन्सिल मी तिला दिली. तिनं बापाचं पत्र पुढ्यात ओढलं. 'महोदया' खोडून 'अहल्या' लिहिलं. 'सौ. अनुसूयाबाई' खोडून 'आई'. 'सदर बाई' खोडून पुन्हा 'आई'. 'निवर्तल्या' खोडून 'गेली'. खाली शेरा मारला : दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.

"घाला पाकिटात," म्हणाली.

मी घडी घालायला लागलो तेव्हा तिनं कागद परत ओढून घेतला. 'आपला विश्वासू'वर पेन्सिल टेकवली आणि कागद फाटेपर्यंत ते खोडलं. त्या जागी काही लिहिलं नाही.