पैनगंगेच्या उतारावरची गोळी

मित्रांनो, मी पोलिसांची एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी मला काचेच्या कपाटात ठेवलं आहे. पाहुणे आले की ते मोठ्या कौतुकानं सांगतात, "नोकरीत फक्त दोनदा चाललेली आहे. जवळजवळ कोरीच म्हणा ना!" त्यांचं खरं आहे. मी दोनदाच चालले. त्या दोन वेळांची हकीकत तेवढी कुणी विचारत नाही, म्हणून आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. बोटीनं आणि आगगाडीनं प्रवास करत मी निजामाच्या राज्यात आले आणि १९३४ साली हिंगोलीत उत्तमसिंगांच्या कमरेला लागले. त्यांचे आजोबा हिंगोलीच्या छावणीत शिपाई म्हणून आले आणि तिथलेच झाले. उत्तमसिंग अमीन होते. त्या काळी ठाण्याच्या मुख्याला अमीन म्हणत. ठाणं सेनगावच्या बाजूला, पैनगंगेपासून जवळ होतं. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड.

उत्तमसिंग उंच, सावळे आणि कमी बोलणारे होते. मला ते दर आठवड्याला तेल देत, पण चालवत नसत. "हिला बाहेर काढायची पाळी आली, तर समजायचं की आपलं बोलणं कमी पडलं," असं ते जवानांना सांगत.

पहिली पाळी १९३८ च्या सुगीत आली. ठाण्याजवळच्या साखरा गावाच्या शिवारात एक पिसाळलेला लांडगा शिरला होता. तीन माणसांना त्यानं फाडलं होतं. उत्तमसिंग घोड्यावरून पोचले, तेव्हा तातेराव नावाच्या शेतकऱ्यानं त्या लांडग्यावर घोंगडी टाकून त्याला खळ्यात दाबून धरलं होतं. घोंगडीखाली जनावर उसळत होतं. तातेरावांचे दोन्ही हात त्याच्या मानेवर होते.

"हात काढा, हात काढा!" उत्तमसिंग ओरडले.

"काढला की सुटंल ते! तुमी मारा अमीनसाब. मी हलत न्हाई."

माझी नळी त्या हातांपासून चार बोटांवर होती. उत्तमसिंगांनी मला दोन्ही हातांनी धरलं. गोळी सुटली. लांडगा निपचित पडला. तातेरावांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी तातेरावांच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, मला हळदकुंकू लावलं. मग तिनं उत्तमसिंगांना ज्वारीची गरम भाकरी आणि ठेचा वाढला. तेव्हापासून दौऱ्यावर असले की ते त्या घरी जेवत. ते द्वारकाबाईला वयनी म्हणत. तातेराव आणि ते बाजेवर बसून पाऊसपाण्याच्या आणि बैलांच्या गोष्टी करत. मी खुंटीवर टांगलेली असे. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

पुढे देश स्वतंत्र झाला, पण आमच्याकडे निजामाचंच राज्य राहिलं. निजामाच्या पाठीराख्यांनी गावोगाव जाळपोळ सुरू केली. भेदरलेली माणसं लेकरंबाळं घेऊन पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जाऊ लागली. तातेराव त्यांना आपल्या बैलगाडीतून उतारावरून, म्हणजे नदी उथळ असते तिथून, पलीकडे सोडून येत. उत्तमसिंगांना हे ठाऊक होतं. पळणाऱ्यांना अडवायचा हुकूम होता आणि नदीवरची गस्त त्यांच्याकडेच होती. तातेरावांची गाडी निघायची असली की ते जवानांना दुसऱ्याच वाटेला नेत. याबद्दल दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोलले नाहीत.

असे तीन महिने गेले. मग १९४८ च्या वैशाखात वरचे साहेब हिंगोलीहून अचानक आले.

"अमीनसाब, सारा इलाका भाग रहा है और तुम्हारे थाने से एक भी आदमी पकड़ा नहीं गया?" ते म्हणाले. "चलो, आज हम भी नदी देखेंगे."

सोबत सहा बंदूकवाले होते. उत्तमसिंगांना निरोप धाडायला सवडच मिळाली नाही.

भर दुपारी आम्ही उताराच्या वरच्या दरडीवर उभे होतो. पाणी गुडघाभर होतं. मध्यावर तातेरावांची गाडी होती. गाडीत दोन म्हातारी माणसं, तीन लेकरं आणि लेकरांना सांभाळायला आलेली द्वारकाबाई होती. तातेराव पाण्यातून बैलांसोबत चालत होते.

"रोको!" साहेब ओरडले. बैल बुजले आणि गाडी जोरात पुढं निघाली. साहेबांनी हात वर केला. सहाही बंदुका खांद्याला लागल्या.

"साब, ठहरिये! मैं रोकता हूँ!" असं म्हणून उत्तमसिंगांनी मला बाहेर काढलं.

त्यांचा विचार मला त्यांच्या हातातून समजला. सहा बंदुका एकदम चालल्या, तर गाडीत कुणी वाचणार नव्हतं. एक बैल पडला, तर गाडी थांबेल आणि बंदुका खाली येतील. त्यांनी उजव्या बैलाच्या खांद्यावर नेम धरला. अंतर साठ पावलांचं होतं. इतक्या लांबून माझा भरवसा नसतो, हे त्यांना माहीत होतं. पण दुसरा मार्ग नव्हता.

तातेरावांनी वर पाहिलं. दरडीवर आपला माणूस दिसला, म्हणून असेल, ते घाबरले नाहीत. बुजलेल्या बैलाची वेसण धरायला ते दोन पावलं पुढं आले.

त्याच क्षणी गोळी सुटली.

तातेराव पाण्यात बसले, मग आडवे झाले. बैल जागच्या जागी थांबला. गाडी थांबली. बंदुका खाली आल्या. गाडीतली सगळी माणसं वाचली. उत्तमसिंगांनी मांडलेला सारा हिशेब बरोबर आला, फक्त तातेराव गेले.

"शाबाश!" साहेब म्हणाले. माझ्या वाट्याला आलेली ती शेवटची शाबासकी.

गाडीतून उतरलेली द्वारकाबाई पाण्यात नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती दरडीकडे बघत राहिली.

त्यानंतर उत्तमसिंगांनी मला हात लावला नाही. घरात ते जेवायला बसत आणि तसेच उठत. त्यांची बायको शकुंतलाबाई एक दिवस कळवळून म्हणाली, "काहून असं जीव जाळून राहिले तुमी? जा ना साखऱ्याला. खरं काय ते सांगा तिला."

"काय सांगू? बैलाला मारत होतो म्हणू?" ते म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या बायकोसमोर बैलाचं नाव घेऊ?"

ते गेले नाहीत.

सप्टेंबरात हिंदी फौज आली आणि पाच दिवसांत राज्य पालटलं. नवे अधिकारी तक्रारी लिहून घेऊ लागले. द्वारकाबाई आली. तिनं उत्तमसिंगांकडे बोट दाखवलं. त्यांनी जबाब दिला, "गोळी मीच मारली." पुढं काही सांगायचं आहे का, असं त्यांना दोनदा विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ज्यांना त्यांनी नदीपार जाऊ दिलं होतं, त्यांपैकी कुणी साक्षीला आलं नाही. आपल्याला कुणी जाऊ दिलं, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

उत्तमसिंग तुरुंगात गेले. माझ्या मुठीच्या कड्याला चिठ्ठी बांधून मला पुरावा म्हणून कचेरीत ठेवलं. कार्तिकात त्यांना तुरुंगातच हगवण लागली आणि त्यातच ते वारले.

मार्गशीर्षात खटल्याची तारीख होती. द्वारकाबाई साखऱ्याहून पायी आली. तिला काहीच कळलेलं नव्हतं. विष्णुपंत नावाचे म्हातारे कारकून माझी चिठ्ठी तपासत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, आरोपी वारला. खटला मिटला. तुम्ही आता घरी जा."

ती मेजाजवळ खाली बसली. म्हणाली, "मंग मी आता कुनाला इचारू?"

"काय विचारायचं होतं?"

"त्यांची बाई आली व्हती माझ्याकडं. म्हनली, नेम बैलावर व्हता. नवऱ्यापायी कोन्तीबी बाई तसं म्हनंल. मला त्या मान्साच्या तोंडून ऐकायचं व्हतं. माझ्या घरी जेवलेला मानूस व्हता तो. त्यो एकडाव व्हय म्हनला असता, तर म्या मानलं असतं. तेवढ्यासाठीच आले व्हते मी."

उत्तर माझ्याकडे होतं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर, मेजावर पडलेली होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू आमची काळजी घ्या, म्हणून विनवतात. माझं तसं काही मागणं नाही. तुमच्याकडे कुणाला सांगायची एखादी खरी गोष्ट असेल, तर ती आजच जाऊन सांगा. समोरचा ऐकणार नाही, चिडेल, तोंडावर दार लावील, असं वाटलं तरी जा.

विष्णुपंतांनी तिला तांब्याभर पाणी दिलं. ती प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि साखऱ्याच्या वाटेला लागली.