दहा नंबरचे बूट

तपासनीसबाईंना ऑफिसात मागून सगळे 'सीआयडी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. गरीब घरांना दर महिन्याला किराणा द्यायची योजना होती, आणि तो खऱ्या गरजूंनाच जातो ना, हे घरोघर जाऊन बघायचं त्यांचं काम. सतरा वर्षांत लोकांनी त्यांना इतक्या थापा मारल्या होत्या, की सख्ख्या बहिणीने ताप आला म्हटलं तरी त्या आधी कपाळाला हात लावून बघत.

आजची तक्रार निनावी होती. 'तिसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई एकटी असल्याचं सांगून किराणा उचलते. घरात पुरुष आहे. दाराबाहेर त्याचे दहा नंबरचे काळे बूट असतात. चौकशी करून निकाल कळवावा.'

बूट होतेच. दाराशेजारी, भिंतीला टाचा लावून, अगदी जोडीने. बाई मनात म्हणाल्या, चोर मुद्देमालासकट सापडला.

"नवरा कुठंय?"

"वारले ते, मॅडम. चार वर्षं झाली. दाखला दिलाय मी ऑफिसात."

"दाखले काय, सगळेच देतात."

खोली एकच. मशीनजवळ दोन मुली अभ्यास करत होत्या, त्यांनी पाय आखडून घेतले. बाईंनी मोरीत डोकावलं. ब्रश तीन. दाढीचं सामान नाही. उशा तीन. दारामागच्या खुंट्यांवर फ्रॉक. मशीनखालचं चिंध्यांचं गाठोडंसुद्धा त्यांनी सोडून पाहिलं. काही सापडेना, तसा त्यांचा संशय आणखी वाढला. ही शिवणवाली पक्की दिसते, त्यांना वाटलं.

"मग बूट कुणाचे?"

शिवणवालीने आधी दार लोटलं. "कुणाचे नाहीत. बाजारातून स्वस्तात आणले. मी कपडे पोचवायला गेले की कुणीतरी दार वाजवायचं. मुली एकट्याच असतात. बूट ठेवले तेव्हापासून थांबलं." तिने मुलींकडे पाहिलं. "किराणा बंद करायचा तर करा, मॅडम. पण आमच्या घरात पुरुष नाही, हे बाहेर बोलू नका."

ही थाप बाईंना नवी होती. त्या तडक बाहेर आल्या आणि बूट उचलून उजेडात धरला. आत पायाचा ठसा नाही, तळवा कोरा. टाचेखाली बारीक आकडा होता, तो वाचायला चष्मा पुसावा लागला. दहा.

बाई जागीच थांबल्या. उभ्याने तो आकडा दिसणं शक्यच नव्हतं. तक्रार करणारा या दाराशी वाकला होता, त्याने बूट हातात घेऊन पाहिला होता. आणि निकाल कळवा म्हणे! किराण्याशी त्याला काय देणंघेणं? घरात कुणी आहे की नाही, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते शोधायला त्याने चक्क सीआयडीलाच कामाला लावलं होतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

समोरचं दार उघडलं. आतले गृहस्थ हसले. "काय मॅडम, सापडला का कुणी?"

"सापडला की," बाई मजला ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या. "भाऊ आहे तिचा. रात्रपाळी करून झोपलाय. नियमात बसतो, किराणा चालू राहील."

"पण मी तर कधी पाहिला नाही..."

"पाळतीवर असता वाटतं? बरं, नाव सांगा तुमचं. तक्रारीच्या कागदावर लिहायचं राहिलंय."

दार लागलं.

नोकरीतली ही त्यांची पहिली थाप, आणि त्यांच्या पोटातलं पाणीही हललं नाही. त्या पुन्हा आत गेल्या, दार लावून घेतलं आणि शिवणवालीच्या कानाशी लागल्या. "किराणा बंद होत नाही. पण ते बूट रोज हलवत जा गं, तळव्यांना माती लाव. बूट असे जोडीने लावून ठेवणारा पुरुष मी अजून पाहिला नाही."

निघताना त्यांनी एक बूट आडवा पाडला, दुसरा पायाने दूर ढकलला. सहा पायऱ्या उतरल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. समोरचं दार लागलं होतं, पण कडीचा आवाज आला नव्हता.

पुढच्या घरी अकराची वेळ दिली होती. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि त्या पायरीवरच बसून राहिल्या.