एचेबेरियाची शिशिली

शिशिली माझ्या वर्गात आली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. साल एकोणीसशे एक्क्याऐंशी. जुन्या स्पॅनिश हुकूमशाही राजवटीत शाळेत आमची बास्क भाषा बोललं की हातावर छडी बसायची, त्यामुळे आमच्या डोंगरातली एक अख्खी पिढी आपल्या भाषेत भांडायला शिकली, पण लिहायला नाही. राजवट संपली आणि मी चर्चमागच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला. सगळ्यांनी मला एकच अट घातली होती, गाईंच्या धारांच्या वेळेआधी सोडायचं.

अक्षरं हाताखालून गेल्यावर मी म्हटलं, "आज आपापलं पूर्ण नाव लिहा."

शिशिलीने जीभ दातांत धरून, पेन्सिल कुदळीसारखी पकडून लिहिलं, ‘शिशिली एचेबेरिया’.

शेजारी बित्तोर सुतार बसायचा. तो वाकून बघत म्हणाला, "अगं, हे कधीपासून?"

"जन्मापासून," ती म्हणाली.

"कागदावर तर दुसरंच आहे तुझं."

कागदावर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. शिशिलीला शहरातल्या अनाथालयातून आठ दिवसांची असताना एचेबेरिया नावाच्या घरात दुधासाठी आणलं होतं. त्या घरच्या होशेपाचं बाळ नुकतंच गेलं होतं. दोन वर्षांनी पोर परत न्यायला अनाथालयाचा माणूस आला, तेव्हा होशेपाने दाराला आतून कडी घातली. पोर राहिली, पण कागदावर तिचं आडनाव एक्सपोसितो. म्हणजे टाकून दिलेली. त्या काळी अशा सगळ्या मुलांना तेच मिळायचं. गावात मात्र तिला त्या नावाने कधी कोणी हाक मारली नाही. आमच्याकडे माणूस घराच्या नावाने ओळखला जातो. ती एचेबेरियाची शिशिली.

मी विषय बदलायला फळ्यावर ते आडनाव लिहिलं. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं.

"नवं?" बित्तोर हसला. "चारशे वर्षांचं झालंय. मागच्या हिवाळ्यात मीच तीन वासे बदलले."

"कधीतरी नवं होतंच की," मी म्हटलं. "गावोगावी कोणीतरी नवं घर बांधलं, लोक त्याला नवं घर म्हणू लागले आणि आत राहणाऱ्यांना तेच नाव चिकटलं. म्हणून तर हे आडनाव इतकं सापडतं. त्यातले बरेच जण एकमेकांचे कोणीच लागत नाहीत."

शिशिलीने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे पहिला जो राहायला गेला, त्याचं आधीचं नाव वेगळं होतं?"

"असणारच."

"मग तोही बाहेरूनच आलेला," ती म्हणाली आणि वही मिटून धारा काढायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. अंगावर काळा कोट. "गार्बिन्ये, पोरी, चल. कोर्टात जायचंय."

खाली शहरातल्या कोर्टातला कारकून आमच्याच खोऱ्यातला होता, पण टेबलामागे बसला की त्याला फक्त स्पॅनिश यायचं. मी मध्ये दुभाषी. तो तसा भला माणूस. म्हणाला, "टाकलेल्या मुलांचं आडनाव बदलता येतं, कायदा आहे. कुठलंही साधं आडनाव निवडा, महिन्याभरात होऊन जाईल."

"मला कुठलंही नकोय, माझंच हवंय," शिशिली म्हणाली.

"ते एका कुटुंबाचं आहे, बाई. त्यांची हरकत नाही असं लिहून आणा."

त्या कुटुंबातला घरात उरलेला एकटा काशियानो. होशेपाचा मुलगा, शिशिलीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, लग्न न केलेला. दोघं एकाच चुलीपाशी वाढले. होशेपा गेल्यावर घर, गोठा, मेंढ्या, चीज सगळं दोघांनीच ओढलं. मला वाटलं होतं, तो हसून सही करील.

त्याने कागद वाचला, घडी घातली आणि टेबलावर सारला. "नाही."

"का रे?" शिशिलीने विचारलं.

"शहरातला चुलत पुतण्या म्हणतो, आधी नाव मागेल, मग जमीन मागेल."

"पुतण्या म्हणतो. आणि तू काय म्हणतोस?"

काशियानोने टोपी डोळ्यांवर ओढली. "नाव रक्ताचं असतं."

"जमिनीतलं गवताचं पातंही नको, असं आत्ता लिहून देते. आता मला लिहिता येतं."

तो उठून गोठ्यात गेला. त्यानंतर सहा आठवडे ती दोघं एकाच टेबलावर लाल घेवड्याची आमटी खात होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. मीठ हवं असलं तर तो उठून घ्यायचा. ती कामात कुठे कसूर करत नव्हती. वर्ग चुकवत नव्हती. दर सोमवारी पायी बसथांब्यापर्यंत उतरून कोर्टात जायची आणि त्या कारकुनासमोर बसायची.

"कागद आणलात?" तो स्पॅनिशमध्ये विचारायचा; एवढं तिला कळायचं.

"नाही. पण मी आलेय, हे लिहून ठेवा."

ऑक्टोबर संपत आला. आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घराची एक जागा असते. जुन्या काळी तिथेच फरशीखाली त्या घराची माणसं पुरत. मृतांच्या सणाला घरची बाई त्या जागेवर गुडघे टेकते, नक्षीच्या लाकडी पाटीवर गुंडाळलेली मेणाची वात पेटवते आणि आपल्या घरच्या मेलेल्यांची नावं घेते. बाकीच्या गावांनी हे सोडलं, आम्ही नाही. होशेपा गेल्यापासून एकोणतीस वर्षं एचेबेरियाची वात शिशिली लावत होती.

त्या वर्षी तिने सणाच्या सकाळी पाटी काशियानोसमोर ठेवली.

"यंदा तू लाव."

"हे बायकांचं काम आहे."

"घरच्या बायकांचं. मी घरची आहे का, ते तू ठरव. मी वाट बघते."

मी चर्चमध्ये होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. सगळ्या बायका आपापल्या जागी गुडघ्यांवर, आणि मध्ये हा उंच, दांडगा माणूस, हातात पाटी. त्याने वात ओढली ती तुटली. दुसऱ्यांदा पेटली, पण मेण बोटांवर सांडलं. मग तो नावं घ्यायला लागला. आई. वडील. आजोबा. थांबला. आजीचं नाव तो शोधत होता, ते दिसत होतं. त्याआधीच्यांचं तर त्याला काहीच ठाऊक नव्हतं. शिशिली सगळ्यात मागच्या बाकावर बसली होती, पाठ ताठ. तिचे ओठ हलत होते. ती मागे बसून सगळी नावं घेत होती, एकही न गाळता. पण उठून पुढे गेली नाही. मला वाटलं, आता जाईल. नाही गेली.

तीन दिवस काहीच घडलं नाही. चौथ्या दिवशी वर्ग चालू असताना काशियानो दारात आला, टोपी हातात.

"मास्तरीणबाई, तो कागद आहे का?"

मी कागद दिला. त्याने उभ्या उभ्याच सही केली. मग बोटाला लागलेली शाई बघत शिशिलीला म्हणाला, "आजीचं नाव काय गं?"

"मार्त्सेलिना," ती म्हणाली. "घरी जा, पावसाच्या आत मेंढ्या आत घे."

हुकूम मार्चमध्ये आला. शिशिलीने तो खिडकीपाशी नेऊन एकेक अक्षर बोट ठेवून वाचला आणि माझ्याकडे परत दिला. "चूक आहे."

खरंच होती. नाव स्पॅनिश धाटणीने लिहिलं होतं. आपला ‘च’ टी आणि एक्स मिळून होतो. त्यांनी सी आणि एच घातले होते, आणि बी होता तिथे व्ही.

"वाचताना सारखंच वाटतं," मी म्हटलं. "आता राहू दे की. इतकं झालं."

"इतकं झालं म्हणून तर राहू देत नाही. हे असं लिहायला तू मला शिकवलं नाहीस."

पुन्हा कोट, पुन्हा बस. या वेळी काशियानोही बरोबर आला, कारकुनासाठी कागदात गुंडाळलेलं चीज घेऊन; ते त्याने घेतलं नाही. शिशिलीने त्याच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत आपलं आडनाव लिहून त्याच्यासमोर धरलं. कारकुनाने ते बघितलं, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच आमच्या भाषेत बोलला.

"माझ्या आजोळचंही हेच. वरच्या खोऱ्यातलं नवं घर. तेही पडायला आलंय."

"मग नीट लिहा," शिशिली म्हणाली.

उन्हाळ्यात तिच्या गुडघ्यासाठी मी तिला समुद्रकाठच्या सॅन सेबास्टियन शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेले. खोली माणसांनी भरलेली. नर्स दारातून ओरडली, "एचेबेरिया!"

चार माणसं उठली. एक तरुण मुलगी, एक कोळी, एक म्हातारे गृहस्थ आणि शिशिली. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोळी हसायला लागला. नर्स वैतागून म्हणाली, "अहो, कुठली एचेबेरिया?"

"मी," शिशिली म्हणाली, आणि गुडघा दुखत असूनही सगळ्यांच्या आधी दारापर्यंत पोहोचली.