कवळीकाकांचं पिल्लू

कवळीकाकूंनी भांडण काढलं ते सकाळीच, काकांनी चहाचा घोट तोंडात घेतला तेव्हा. वेळ मुद्दाम निवडलेली. तोंड भरलेलं असलं की माणसाला लगेच उलट बोलता येत नाही, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना पाठ झालं होतं.

"माझ्या अप्पांना दवाखान्यातून सोडताहेत. ते इथे येणार. मागची खोली मोकळी करा."

काकांनी घोट गिळला, कप खाली ठेवला. "मागच्या खोलीत पिल्लू आहे."

"माहीत आहे मला. तिथली घाण मीच काढते."

हे पिल्लू म्हणजे माकड. चांगलं वयात आलेलं, लाल तोंडाचं दांडगं नर माकड. पण काकांच्या लेखी ते अजून पिल्लूच. काका कवळ्या बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, तिथे फळ्यांवर गावभरच्या बोळक्या तोंडांचे प्लास्टरचे साचे मांडलेले, टेबलावर मेण, चिमटे आणि कवळी घासून चकचकीत करायची मोटर. म्हणून ते कवळीकाका आणि बायको कवळीकाकू. काकूंना हे नाव मुळीच आवडत नसे, पण लोकांच्या तोंडाला कोण कुलूप घालणार.

मुलगा नोकरीसाठी लांब निघून गेला त्याच वर्षी एक माकडीण विजेच्या तारेला चिकटून रस्त्यात मरून पडली. तिच्या पोटाला घट्ट धरून बसलेलं पोर काकांनी ॲप्रनच्या खिशात घालून घरी आणलं. खरं सांगायचं तर सुरुवातीला काकूही भुलल्या. ड्रॉपरनं दूध पाजलं, आपल्या शालीत झोपवलं. मूठभर जीव, बोट धरून झोपायचा. माया कुणाला येणार नाही? लहानपणी सगळंच गोड असतं हो, पुढे काय होणार ते त्या वेळी कोण बघतो.

पिल्लू दुकानातच वाढलं. काकांनी त्याला कामाला लावलं म्हणा ना. गिऱ्हाईक आलं की फळीवरची कवळी उचलून काकांच्या हातात द्यायची आणि तळवा पुढे करायचा. काका त्यावर बरणीतला शेंगदाणा ठेवायचे. "शाब्बास," म्हणायचे. म्हातारी माणसं खूश होऊन टाळ्या वाजवायची. एखादे आजोबा आपली जुनी कवळी तोंडातून काढून टेबलावर ठेवायचे, तर पिल्लू तीही उचलून द्यायचं. त्याचाही शेंगदाणा. आपलं दुकान या माकडामुळे चालतं, असं काका चारचौघांत सांगायचे. रात्रंदिवस राबून ज्या बाईनं ते दुकान झाडलं-पुसलं, तिचं नाव कधी त्यांच्या तोंडून आलं नाही.

मग पिल्लू वयात आलं. एका दुपारी केळ्याची साल उचलायला काकू वाकल्या, तर त्यानं हाताचा असा लचका तोडला की टाके घालावे लागले. काका धावत आले. माकडाला नाही, काकूंना विचारलं, "तू काय केलंस त्याला?"

एवढंच वाक्य. पण ते काकूंनी जपून ठेवलं होतं. जखम भरली, वाक्य भरलं नाही. तेव्हापासून पिल्लू मागच्या खोलीत, जाळीच्या दाराआड. आणि आता त्याच खोलीवरून सकाळी सकाळी जुंपली होती.

"घरचं झालं थोडं..." काका पुटपुटले आणि थांबले.

"थांबलात का? पुरी करा ना म्हण. व्याह्यानं धाडलं घोडं. माझा बाप घोडा आणि ते माकड तुमचं लेकरू."

"तसं नाही गं. तुझा भाऊ आहे की."

"भाऊ आहे, पण भावजय पण आहे. मागच्या आजारपणात अप्पांचं ताट दाराबाहेर ठेवून जायची. हाक मारली तर टीव्हीचा आवाज वाढवायची. अप्पांचा खुबा मोडलाय, त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागतं. ते मला म्हणाले, तुझ्याकडे ने, नाहीतर इथेच मरू दे. मी शब्द दिलाय."

"मला न विचारता?"

"माकड आणताना मला विचारलं होतंत?"

काका उठले. अडचणीत सापडले की ते दुकानात जाऊन मोटर सुरू करायचे. त्या दिवशी दुपारपर्यंत मोटर चालू होती. घासायला कवळी होती की नव्हती कोण जाणे.

जेवायला आले ते तोडगा घेऊनच. "पिल्लू दुकानात झोपेल. अप्पा मागच्या खोलीत राहतील."

"मोकळं सोडणार? माझ्या आजारी बापाच्या आसपास?"

"भीती कसली आहे? चावण्याची. चावतो कशानं? सुळ्यांनी. सुळे काढून टाकतो. मग आहे काय त्याच्याकडे? आयुष्यभर दातांचंच काम केलंय मी."

आता इथे काकूंनी म्हणायला हवं होतं, अहो, तुम्ही दाताचे डॉक्टर नाही. तोंडातून बाहेर पडलेल्या दातांशी तुमचा संबंध, तोंडातल्या दातांशी नाही. हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण अप्पांना सोडायची तारीख ठरलेली होती आणि नवरा पहिल्यांदाच एक पाऊल मागे सरकला होता. शिवाय हातावरचा व्रण समोर होताच. काकू म्हणाल्या, "काढा. पण अप्पा यायच्या आत."

काकांच्या ओळखीच्या दाताच्या डॉक्टरनं हात जोडले. जनावरांच्या डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, रानातलं जनावर घरात पाळणं कायद्यात बसत नाही, तो आधी तक्रार करील. मग घरीच. झोपेचं औषध कुस्करलेल्या केळ्यातून द्यायचं ठरलं, पण शेंगदाण्याखेरीज काकांच्या हातून पिल्लू काही खाईना. काकूंच्या हातून त्यानं खाल्लं. चावलं होतं तरी खाणं ते काकूंच्याच हातचं घ्यायचं, लहानपणापासूनचं होतं ते. काकूंनी त्याचे पाय धरले, बॅटरी धरली. सुळ्याची मुळं किती खोल असतात ते काकांना पहिला ओढायला लागल्यावर कळलं. बराच वेळ लागला. शेवटी काका रडत होते आणि काकू म्हणत होत्या, "रडताय काय, उरकून टाका."

शुद्धीवर आल्यावर पिल्लू भिंतीकडे तोंड करून बसलं. त्यानंतर काकूंच्या हातून त्यानं दाणासुद्धा घेतला नाही. बरंच झालं, काकू म्हणाल्या, सुंठीवाचून खोकला गेला.

अप्पा आले. काकूंनी फिनेल ओतून ओतून खोली धुतली होती, तरी माकडाचा वास भिंतीत मुरलेला. अप्पांनी नाक वर करून हुंगलं. "माझ्या आधी कोण राहत होतं इथे?"

"तुमचा नातू," काकू म्हणाल्या. अप्पा खो खो हसले. खूप दिवसांनी हसले असावेत, हसताना त्यांची कवळी सटकली आणि त्यांनी ती अंगठ्यानं वर ढकलली. कवळी जावयानंच बनवून दिलेली. दारात बसलेलं पिल्लू ती बारकाईनं बघत होतं.

काही दिवस बरे गेले म्हणायचे. अप्पा धरून उभे राहू लागले, खुर्चीत बसू लागले. काकूंच्या हातचं चार घास जास्त जेवू लागले. पिल्लू त्यांच्या दाराशी येऊन बसायचं आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. "अहो, त्याला आवरा," काकू सांगायच्या. "दात आहेत का त्याला आता?" काका म्हणायचे. "उगाच डोकं खाऊ नकोस." काकू परत स्वयंपाकघरात जायच्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अप्पा घरात होते, त्यापुढे बाकी सगळं सोसायला त्या तयार होत्या.

त्या दुपारी काकू स्वयंपाकघरात अप्पांसाठी भाजी मऊ शिजवत होत्या. धप्पकन आवाज आला. मग एक घुसमटल्यासारखा हुंकार. धावत गेल्या तर खुर्ची आडवी, अप्पा जमिनीवर, ओठ फाटून हनुवटीवरून रक्त वाहतंय आणि तोंडाचं बोळकं उघडं पडलेलं. दोन्ही हात तोंडापुढे धरलेले. म्हणजे मारायला आलेल्याला अडवावं तसे.

"अहो," काकूंनी हाक मारली. पुढून मोटरचा आवाज येत होता. त्या तशाच दुकानात गेल्या.

काका खाली मान घालून, डोळ्यांवर चष्मा चढवून कवळी घासत होते. टेबलाच्या कडेला पिल्लू बसलेलं. त्याच्यासमोर अप्पांची कवळी, ओली, रक्ताचा डाग लागलेली. पिल्लूनं तळवा पुढे केला. काकांनी मान वर न करता डावा हात बरणीत घातला, शेंगदाणा त्या तळव्यावर ठेवला.

"शाब्बास," काका म्हणाले.

काकूंनी मोटरचं बटण बंद केलं.

अप्पांचा तोच खुबा पुन्हा मोडला. दवाखान्यात भाऊ आला, बहिणीकडे बघितलंही नाही. बाहेर बाकावर बसून म्हणाला, "माझी बायको वाईट, मान्य. ताट दाराबाहेर ठेवते. पण तोंडातला घास काढून घेत नाही कुणी आमच्याकडे." अप्पांना तो थेट आपल्या घरी घेऊन गेला. काकूंनी दिलेल्या शब्दाचं काय झालं, हे अप्पांनीही विचारलं नाही.

घरी येऊन काकूंनी काकांना न विचारता जखमी प्राण्यांना सांभाळणाऱ्या केंद्रात फोन केला. "आमच्याकडे माकड आहे, घेऊन जा आणि रानात सोडा." काका शेजारीच उभे होते. अडवलं नाही.

केंद्रातली बाई आली, जाड हातमोजे आणि पिंजरा घेऊन. बोलायला फटकळ. कायद्याचं नंतर बघू, आधी जनावर बघू म्हणाली. फळाचा तुकडा दांडीला लावून पिल्लूसमोर धरला. त्यानं तोंड उघडलं. बाईनं वाकून बघितलं, दुसऱ्या बाजूनं जाऊन पुन्हा बघितलं.

"सुळे कुठे गेले?"

काका साच्यांकडे बघत राहिले.

"काढले," काकू म्हणाल्या. "मीच काढायला लावले. चावत होता."

बाईनं दांडी खाली ठेवली. "नर आहे हा. टोळीत नेऊन सोडला तर पहिल्याच भांडणात बाकीचे नर याला फाडतील. एकटा तर जगणारच नाही. हा आता रानात जाऊ शकत नाही, कधीच."

"मग तुमच्याकडे ठेवा."

"माझ्याकडचे पिंजरे असल्यांनीच भरलेत. कुणाचे दात काढलेत, कुणाची नखं. सगळ्यांना हौसेनं पाळलेलं. जागा झाली की कळवीन, वरिष्ठांनाही कळवावं लागेल. तोवर तुमच्याकडेच. जाळीत ठेवा, आणि उपाशी ठेवू नका. त्याला आता तुमच्याशिवाय कुणी नाही." बाई पिंजरा रिकामाच घेऊन गेली.

पिल्लू पुन्हा मागच्या खोलीत गेलं, जाळीच्या दाराआड, अप्पांच्या कॉटवर. कॉट काढायचीही काकूंना उमेद उरली नव्हती.

अप्पांच्या जुन्या कवळीला तडा गेला होता. काकांनी नवी बनवायला घेतली. जुना साचा होता, माप होतं. इतकी मन लावून कवळी त्यांनी कुणाची बनवली नसेल. घासून घासून आरसा केली, डबीत घातली आणि काकूंसमोर ठेवली. माफी मागायची त्यांची तीच रीत. काकूंनी डबी पिशवीत टाकली आणि भावाकडे निघाल्या.

भावाकडे भावजयीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. अप्पा अंथरुणात होते. गालफडं आत गेलेली. काकू जवळ बसल्या, केसांवरून हात फिरवला, अप्पांनी फिरवू दिला. "नवीन आणलीय, अप्पा. घातली की जेवता येईल नीट." त्यांनी डबीतून कवळी काढली आणि हात अप्पांच्या तोंडाजवळ नेला.

अप्पांनी ओठ घट्ट मिटले. दोन्ही हात तोंडापुढे धरले आणि मान भिंतीकडे वळवली. अगदी पिल्लू बसलं होतं तसे.

"अप्पा, मी आहे."

"माहीत आहे," अप्पा हातांच्या आडून म्हणाले. "तू जा."

मागे दारात भावजय उभी होती. तिच्या हातात कुस्करलेलं केळं होतं वाटीत. ती पुढे आली आणि चमचा तिनं अप्पांच्या हातात दिला. तोंडाजवळ नेला नाही. अप्पा स्वतःच्या हातानं खाऊ लागले. काकूंनी हे बघितलं, आणि या बाईचा आयुष्यभर केलेला राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

घरी आल्यावर काकांनी दुकानातूनच विचारलं, "बसली का नीट?"

"घालू दिली नाही." काकूंनी डबी टेबलावर आपटली. झाकण उघडलं आणि कवळी बाहेर घरंगळली.

त्या आवाजाबरोबर मागे जाळी खडखडली. पिल्लूनं आवाज ओळखला होता. जाळीच्या भोकातून त्यानं हात बाहेर काढला, तळवा वर करून. काकांचा हात सवयीनं बरणीकडे गेला आणि काकूंकडे बघून तिथेच थांबला.

"द्या," काकू म्हणाल्या. "थांबलात का? त्याला काय कळतंय, तुम्ही शिकवलंत ते त्यानं केलं. मी सांगितलं ते तुम्ही केलंत. आता तो कुठे जायचा नाही आणि अप्पा इथे यायचे नाहीत. त्याची घाण मी काढीन, त्याला खायलाही घालीन. पण तुम्ही माझ्याशी बोलू नका. चहा हवा असेल तर कप वाजवा."

काकांनी शेंगदाणा त्यांच्यापुढे धरला. काकूंनी तो घेतला, मागच्या खोलीत गेल्या आणि जाळीपाशी उभ्या राहिल्या. पिल्लूनं त्यांचा हात ओळखला, आपला हात आत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसलं. काकूंनी शेंगदाणा खाली ठेवला आणि केरसुणी आणायला गेल्या.