राजेश्रीचं खारं पाणी

ताडकळसच्या बसस्टँडमागं योगीराजचा शुद्ध पाण्याचा प्लांट आहे. बोअरचं मचूळ पाणी मशीनमधून काढायचं, थंड करायचं आणि जार भरून गावभर पोचवायचं. गाडीवर योगीराज फिरतो, प्लांट त्याची बायको राजेश्री सांभाळते. मशीनचं कुठं अडलं ते तिला नुसत्या आवाजावरून कळतं.

गेल्या दिवाळीनंतर ती पुण्याला बहिणीकडे गेली होती. बहिणीची दाढ ठणकत होती, म्हणून दोघी दाताच्या दवाखान्यात गेल्या. तिथं भिंतीलगत समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी होती. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे दगडांच्या फटींतून लपाछपी खेळत होते. बहीण दाढ काढून, गाल धरून बाहेर आली, तरी राजेश्री टाकीपुढून हलली नव्हती.

गावी परतली ती हेच खूळ घेऊन.

"मासेच पाळायचे तर नदीतले पाळ की," योगीराज म्हणाला.

"नदीतल्यांना असले रंग हायेत का? अन् त्या माशांना लागतंय तसं निव्वळ शुद्ध पाणी आपल्याकडं हायेच. त्यात समुद्राचं मीठ कालवायचं, झालं."

सासरे किशनराव चहा पीत बसले होते. त्यांचा कप हातातच राहिला. "म्हंजे पोरी, खारं पाणी गोड करायला आपण एवढं मशीन बसवलं, अन् तू ते गोड पाणी परत खारं करायलीस?"

"हो, मामा."

"येड लागलंय," किशनराव म्हणाले आणि उरलेला चहा एका दमात प्याले.

टाकी नांदेडहून आली. तिथल्या माशांच्या दुकानातल्या भुजंगनं फोनवर एकेक गोष्ट समजावून सांगितली. घरातलं मीठ चालत नाही, या कामाचं वेगळं मीठ येतं. ते ड्रममध्ये कालवायचं, खारटपणा मापून बघायचा, मग टाकीत वाळू, दगड आणि पाणी. पण मासे लगेच सोडायचे नाहीत. माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं आणि ते विष पचवणारे जिवाणू आधी दगडांत वस्तीला यावे लागतात. तोवर त्या जिवाणूंसाठी टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं आणि वाट बघायची.

हे वाट बघणं राजेश्रीला जड गेलं. त्याहून जड गेलं लोकांना तोंड देणं. शेजारच्या सुलाबाई मोठ्या हौसेनं मासे बघायला आल्या. त्यांनी टाकीला नाक लावलं, या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं.

"अगं, मासे कुठं हायेत?"

"यायचेत अजून."

"मग चारा कोणाला टाकायलीस?"

राजेश्रीला हसू आवरेना. सुलाबाईंनी मात्र जाताना तिच्या सासूला, कडूबाईंना, बाजूला घेऊन विचारलं, "सुनेची तब्येत बरी हाय ना?"

पुढं दगडांवर तपकिरी शेवाळ धरलं आणि टाकी आणखीच कळकट दिसू लागली. भुजंग म्हणाला, हे होणारच, चांगलं लक्षण आहे. राजेश्री रोज सकाळी छोट्या काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब सोडी आणि रंग बघे. गर्द हिरवा आला की विष आहे, पिवळा आला की गेलं. सकाळी प्लांटवर गर्दी असली की रंग उमटेपर्यंत नळी धरून उभं राहायला तिला सवड नसे. मग ती सासऱ्यांच्या हातात नळी देई. किशनराव कुरकुरत धरत, पण धरत.

एक दिवस योगीराज भरलेले जार तसेच गाडीत घेऊन परत आला. टाकीचं थोडं पाणी बदलायचं म्हणून ड्रममध्ये पोत्यातलं मीठ ओतताना राजेश्रीला कोणीतरी पाहिलं होतं आणि प्लांटवाले पाण्यात मीठ मिसळायलेत ही बातमी सगळ्या गावात झाली होती.

"लोक म्हणायलेत, पाणी खारट लागतंय!" योगीराज वैतागला होता. "काल न्हाई लागलं, आजच कसं लागायलंय? खामखा धंदा बुडायचा. ती टाकी काढ बाबा."

चूक कोणाचीच नव्हती, पण नुकसान घरादाराचं होतं. राजेश्रीनं रबरी नळी आणली, एक टोक टाकीत सोडलं आणि दुसरं बादलीत धरलं. डोळे भरून आले होते.

"थांब," मागून किशनराव म्हणाले. "काय करायलीस?"

"रिकामी करते, मामा."

"आता? काल रंग कसा व्हता, आज कसा हाय, बघितलंस का?" त्यांनी हातातली काचेची नळी उजेडात धरली. पाणी लख्ख पिवळं होतं. "इष उतरलं की! एवढे दिवस मी काय झक मारायला नळी धरून हुबा व्हतो? काढ ती रबरी बाहेर."

आठवडी बाजाराच्या दिवशी किशनरावांनी प्लांटच्या दारात टेबल मांडलं. एका बाजूला विकायचं जारचं पाणी, दुसऱ्या बाजूला टाकीचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून त्यांनी जारचं पाणी पाजलं. शंका काढणाऱ्यांत नागनाथ किराणावाले सगळ्यांत पुढं होते. त्यांनी चव घेतली, परत घेतली, आणि म्हणाले, "गोड हाय."

"मग खारं कसं असतंय ते बी बघा. पिऊ नका, नुसतं जिभेला लावा."

नागनाथांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि असं तोंड केलं की सगळा बाजार हसला. थुंकत थुंकत त्यांनी स्वतःच दोन जार सांगून टाकले.

नंतरच्या आठवड्यात राजेश्री नांदेडहून माशांची जोडी घेऊन आली. एसटीत सारा वेळ थर्माकोलचा डबा मांडीवर होता. घरी डब्यातली माशांची पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि आत थोडं थोडं टाकीतलं पाणी घालत दोघांना सवय होऊ दिली. सोडताच मासे दगडामागं जे दडले ते दोन दिवस दिसलेच नाहीत. किशनराव जेवता जेवता उठून टाकीत डोकावून येत.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई टाकीची काच पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अगं राजेश्री, इकडं ये! त्यो माझ्याकडं बघायलाय!"

सगळे धावले. मोठा मासा दगडाबाहेर येऊन शेपटी हलवत कडूबाईंच्या फडक्याकडं टक लावून पाहत होता. राजेश्रीनं चिमूटभर खाद्य टाकलं. त्यानं झडप घालून खाल्लं आणि त्याच्या मागून धाकटाही बाहेर आला.

"आणखी टाक," किशनराव म्हणाले. "भुकेजलेत."

"जास्त टाकायचं न्हाई, मामा. पाणी बिघडतंय."

"बरं," ते म्हणाले, आणि टाकीपुढं खुर्ची ओढून बसले.