अर्धी बरी

देशाचं भवितव्य तरुणांच्या मनात घडतं, असं सरकारी मदत कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. त्याखाली कुणीतरी खडूने लिहिलं होतं, ‘दार अडकतं, खांदा लावा.’

आईने खांदा लावला. मागोमाग टकळी आणि तिच्या समुपदेशक ताई आत शिरल्या. टकळी हे लाडाचं नाव, तोंडाला खळ नसायची म्हणून पडलेलं. गेल्या वर्षी एक माणूस बंदूक घेऊन तिच्या शाळेत घुसला. हिच्या अंगावर ओरखडाही आला नाही. बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण गेली. नाव तेवढं राहिलं, बडबड थांबली. ताईंच्या उपचारांनी आता ती दिवसाकाठी चार वाक्यं बोले. त्यातले तीन टोमणे असत.

खर्च सरकार करी आणि सरकारचा नियम सरळ होता. मूल बरं झालं तर उपचारांची गरज नाही, म्हणून पैसे बंद. बरं झालं नाही तर उपचारांचा उपयोग नाही, म्हणूनही पैसे बंद. आज फेरतपासणी होती.

“हे बघ बाळा,” तपासणी करणाऱ्या साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर आई कुजबुजली, “फार छान बोलू नकोस. पण गप्पही बसू नकोस.”

“म्हणजे अर्धवट वेडी दिसू?”

“अगदी तेवढीच,” ताई म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या.

साहेब भले गृहस्थ होते. तिघी आत आल्यावर त्यांनी आधी टकळीला पाणी दिलं. “झोप लागते का गं?”

“लागते. टिकत नाही.”

साहेबांनी खूश होऊन मान डोलावली. उत्तर नियमात बसत होतं.

तेवढ्यात मागे शिपायाने लोखंडी कपाट लाथेने बंद केलं.

पेला फुटला आणि टकळीची खुर्ची रिकामी झाली. साहेबांच्या टेबलाखाली दात वाजायला लागले. आई धावली, पण हात लावायचं धाडस तिला होईना.

साहेब हळहळले. अगदी मनापासून. “वाईट वाटतं हो. पण काहीच फरक दिसत नाही. बंद करावं लागेल.”

“असं नका करू, साहेब! आधी कुठेही लपायची, शोधून सापडायची नाही. आता निदान समोरच्या टेबलाखाली…”

“त्याला फरक नाही म्हणत, बाई.”

ताईंनी गुडघे टेकून खाली पाहिलं. “साहेब, अशा वेळी ती सख्ख्या आईलाही जवळ येऊ देत नाही. वर्षभरात आज पहिल्यांदा तिने माणसाला धरलंय. आपणहून.”

“कुणाला?” आईने विचारलं.

“साहेबांना.”

साहेबांचा चेहरा मघापासून वाकडा का होता, ते आईला आत्ता उमगलं. साहेबांनी कागद पुढे ओढला. “सहा महिने देतो,” ते म्हणाले. “पण पुढच्या खेपेला इतपतच असू दे. हसतबिसत आली, तर माझ्या हातात काही नाही.”

आईने हात जोडले. “नाही हसणार, साहेब.”

“ठीक.” साहेब पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, “आता तिला एवढं विचारता का, दुसरा पाय चालेल का? ह्याला मुंग्या आल्यात.”